मिनिटकाट्याचा खटला

ज्या वर्षी धाकटीला दुसरी मुलगी झाली, त्याच वर्षी तिच्या नवऱ्याला पोलिसांनी धरलं. बाळाने तेव्हा मानसुद्धा धरली नव्हती.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत, अगदी धाकटीसुद्धा. त्याचं दुकान म्हणजे आक्काच्या लॉन्ड्रीतला पुढचा कोपरा. आक्का ही धाकटीची मोठी बहीण. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून तिने लॉन्ड्री एकटीने ओढली होती, आणि जन्मभर लोकांच्या कॉलरींना कांजी लावून लावून थोडी कांजी तिच्या स्वभावातही उतरली होती. फळीच्या एका बाजूला ती इस्त्री करायची, दुसऱ्या बाजूला हा डोळ्याला भिंग लावून बसायचा.

पोलीस दोघे होते. हवालदाराने विचारलं, "काटा कुठंय?"

घड्याळजीने वर बोट केलं. धुतलेल्या चादरींच्या दांडीच्या वर, भिंतीला आडवा, माणसाएवढा लांब काळा लोखंडी काटा टांगलेला होता.

"हा चोरीचा माल," हवालदार म्हणाला.

"हा मिनिटकाटा," घड्याळजी म्हणाला. "आणि चोरलेला नाही. त्याचं असं झालं..."

"ते कोर्टात सांगा."

घड्याळजीला एकदम बरं वाटलं. कोर्टात सांगायला मिळणार म्हटल्यावर त्याने भिंग काढलं, हात पुसले आणि लग्नाला निघाल्यासारखा तो पोलिसांबरोबर निघाला. आक्काच्या इस्त्रीखालचा कोट मात्र तसाच राहिला आणि त्याच्या पाठीवर इस्त्रीचा ठसा उठला. गिऱ्हाईक तो ठसा घेऊन बरीच वर्षं फिरत होतं.

प्रकरण असं होतं. सरहद्दीपलीकडच्या एका लहान शहरात चौकातल्या मनोऱ्यावर मोठं घड्याळ होतं. ते तपासायला घड्याळजीला बोलावलं होतं. तो गेला, आणि येताना त्याचा मोठा काटाच घेऊन आला. घड्याळजीचं म्हणणं, काटा वाकला होता आणि तिथल्या नगराध्यक्षानेच तो गुपचूप नेऊन सरळ करून आणायला सांगितलं होतं. त्याने तो सरळ केलाही. मग त्याला कावीळ झाली आणि तो अंथरुणाला खिळला. तेवढ्यात शहरातल्या लोकांच्या लक्षात आलं की आपल्या घड्याळाला एकच काटा आहे. लोकांनी नगराध्यक्षाला विचारलं. नगराध्यक्ष म्हणाला, चोरी झाली.

काटा वाकला कसा आणि नगराध्यक्षाला एवढी गुप्तता कशासाठी हवी होती, हे घड्याळजीच्या गोष्टीत अगदी शेवटी यायचं. आणि शेवटापर्यंत घरात कोणीच पोचलं नव्हतं. कारण घड्याळजी गोष्ट सुरू करायचा ती घरातून निघताना कोणता सदरा घातला होता तिथपासून. शिडी लागेपर्यंत भात शिजून व्हायचा. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर धाकटीचं बाळ रडायचं, आणि आक्काला इस्त्रीतला कोळसा बघायचा असायचा.

जामीन मिळाला तो आक्काच्या जिवावर. अट अशी की आरोपीने आक्काच्याच घरात राहायचं, पासपोर्ट पोलिसांत द्यायचा, आणि दर आठवड्याला चौकीत जाऊन सही करायची.

"म्हणजे पळालात तर मी आत," आक्का म्हणाली.

"मी कशाला पळू, आक्का? मला तर कधी एकदा तारीख लागते असं झालंय."

खटला चालवायला एक वकीलबाई मिळाल्या. हुशार होत्या, बोलायच्या भरभर, आणि त्यांच्या पिशवीत कागदांच्या खाली नेहमी एक उकडलेला बटाटा असायचा. पहिल्याच भेटीत त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पलीकडच्या देशाने आपल्या देशाला सांगितलंय की आमचा आरोपी आम्हाला द्या. आता आपलं सरकार त्याला उचलून देऊन टाकणार नाही. आधी खालचं कोर्ट बघेल. मग परराष्ट्र खात्यातले साहेब बघतील. मग वरचं कोर्ट, मग सगळ्यात वरचं.

"आणि माझं कुठं ऐकतील?" घड्याळजीने विचारलं.

"कुठंच नाही," वकीलबाई म्हणाल्या.

घड्याळजीला वाटलं, त्या गंमत करताहेत.

खालच्या कोर्टात तारीख लागली तेव्हा मुलगी रांगायला लागली होती. कोर्टाची खोली अरुंद होती. काटा मुद्देमाल म्हणून आणला होता, पण तो कपाटात मावेना, टेबलावर मावेना. शेवटी तो दोन खिडक्यांच्या मध्ये तिरका उभा केला. शिपायाने थोड्या वेळाने त्याला छत्री अडकवली.

वकीलबाईंनी बजावलं होतं, "आपण स्वतःहून काही कबूल करायचं नाही. त्यांना जो माणूस हवाय तो हाच, हे त्यांनी सिद्ध करायचं."

सरकारी वकिलाकडे एकच फोटो होता. मनोऱ्यावर शिडी, शिडीवर माणूस, माणसाची पाठ. तोंड दिसतच नव्हतं.

वकीलबाई उठल्या. "साहेब, ही पाठ आहे. पाठ कोणाचीही असू शकते. उलट बघा, या माणसाने शिडीला दोरीसुद्धा धड बांधलेली दिसत नाही. माझे अशील तर कसलेले कारागीर आहेत."

"दोरी धड बांधलेली नाही?" घड्याळजी मागून म्हणाला. "साहेब, फोटो उलट्या बाजूने काढलाय. गाठ पलीकडून आहे. मी कायम पलीकडून बांधतो."

वकीलबाई हळूच खाली बसल्या. आक्काने डोळे मिटले.

"म्हणजे हे तुम्हीच," न्यायाधीश म्हणाले.

"मीच की. आणि साहेब, आता मी उभाच आहे तर सांगतो, त्याचं असं झालं. मी घरातून निघालो तेव्हा..."

"थांबा. तुम्ही चोरी केली की नाही, हा आमचा प्रश्न नाही."

घड्याळजीने आक्काकडे बघितलं, मग काट्याकडे बघितलं. "मग इथं प्रश्न काय आहे, साहेब?"

न्यायाधीश सज्जन होते. त्यांनी सांगितलं. हा माणूस तोच आहे का, हा एक प्रश्न. तो आत्ताच सुटला. त्याने जे केलं असं म्हणतात, ते दोन्ही देशांत गुन्हा ठरतं का, हा दुसरा. आणि खटला चालवण्याइतका पुरावा कागदावर दिसतो का, हा तिसरा. खरं काय झालं ते तिथलं कोर्ट ठरवेल.

दुसऱ्या प्रश्नावर मोठी झकाझकी झाली. पलीकडच्या देशात गुन्ह्याचं नाव होतं 'सार्वजनिक वेळेची हानी'. वकीलबाई म्हणाल्या, आपल्याकडे असा गुन्हाच नाही. आपल्याकडे सार्वजनिक वेळेची हानी गुन्हा धरली, तर या इमारतीतलं कोणी बाहेर राहणार नाही. न्यायाधीशांनाही हसू आवरेना. पण सरकारी वकील म्हणाला, नाव बघायचं नाही, कृत्य बघायचं. दुसऱ्याची वस्तू न विचारता नेली, तर तिला इथेही चोरीच म्हणतात.

"विचारून नेली," घड्याळजी म्हणाला.

"तो आमचा प्रश्न नाही," न्यायाधीश म्हणाले, आणि प्रकरण खात्याकडे गेलं.

खात्यातल्या साहेबांची खोली मोठी होती आणि पंखा फक्त साहेबांवर फिरत होता. त्यांनी वेगळेच प्रश्न काढले. या मागणीमागे राजकारण आहे का? घड्याळजी म्हणाला, नगराध्यक्ष आहे म्हणजे राजकारण असणारच. साहेब म्हणाले, तसलं नव्हे. तिथे फाशी होऊ शकते का? काट्यासाठी नाही. तिथे नेल्यावर भलताच खटला तर घालणार नाहीत? नाही, तसं त्यांनी लिहून दिलंय. तुरुंगात नीट वागवतील का?

साहेबांनी पलीकडचं उत्तर वाचून दाखवलं. आरोपीला स्वच्छ, कोरडी खोली मिळेल, आणि तिला चौकाकडे उघडणारी मोठी खिडकी असेल.

घड्याळजी पांढराफटक पडला. "चौकाकडे? म्हणजे ते एका काट्याचं घड्याळ मी दिवसभर बघत बसायचं?"

वकीलबाईंनी लगेच हा अमानुष छळाचा मुद्दा आहे म्हणून सांगून टाकलं. साहेबांनी लिहिणाऱ्याला, हे घेऊ नका, अशी बोटानेच खूण केली, आणि घड्याळजीला पलीकडे सोपवायचा हुकूम काढला.

आता वरच्या कोर्टात अपील करायचं होतं. त्याला मुदत असते. वकीलबाईंचे कागद शेवटच्या दिवशी तयार झाले, आणि त्यातही त्यांच्या रिक्षाचं चाक बसलं. त्यांनी निरोप पाठवला, तुम्ही दोघं पुढे जाऊन खिडकीशी रांगेत उभे राहा, मी पोचतेच.

आक्का आणि घड्याळजी रांगेत उभे राहिले. खिडकीच्या वर भिंतीवर घड्याळ होतं. कारकून त्याच्याकडे बघूनच खिडकी बंद करायचा.

घड्याळजी दोन-तीनदा वर बघून चुळबुळला. "आक्का, हे मागे आहे."

"असू दे."

"चांगलं दहा मिनिटं मागे आहे."

"बरंच आहे ना मग. गप्प उभे राहा."

तेवढ्यात आक्काला जिन्यावर वकीलबाईंची पिशवी दिसल्यासारखी वाटली, म्हणून ती चार पावलं बाजूला गेली. ती वळते तो घड्याळजी बाकावर चढलेला. त्याने घड्याळाचं झाकण उघडलं होतं आणि एका बोटाने काटा अगदी हलकेच, झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवावं तसा पुढे सरकवला होता. कारकुनाने वर बघितलं. "वेळ संपली," असं म्हणून त्याने खिडकी लावून घेतली.

वकीलबाई घामाघूम होऊन वर आल्या तेव्हा रांगच नव्हती.

घरी जाताना आक्का म्हणाली, "त्या दहा मिनिटांत तुमचं काय जात होतं?"

"चुकीची वेळ होती, आक्का."

"बरोबर वेळेला तुम्हाला धरून नेतील, मग बायको पोरींना घेऊन माझ्या वाफेत बसेल. ते चालेल?"

घड्याळजी ओशाळला. पण वेळ चुकीची होती, हे काही त्याने मागे घेतलं नाही.

उशीर माफ करावा म्हणून वेगळा अर्ज करावा लागला. वरच्या कोर्टातल्या दोन न्यायाधीशांपैकी म्हाताऱ्यांनी तो वाचला आणि चष्मा काढून विचारलं, "उशिराचं कारण: आरोपीने न्यायालयाचं घड्याळ दुरुस्त केलं. हे खरं आहे?"

"खरं आहे, साहेब."

"आता बरोबर चालतंय का?"

"त्याला तेल हवंय."

उशीर माफ झाला. बाकी काही झालं नाही. खालच्या कोर्टाने आपलं काम रीतीने केलं का, खात्याने सगळं विचारात घेतलं का, एवढंच आम्ही बघतो, असं दोघे न्यायाधीश म्हणाले. घड्याळजी उठायला लागला, तेव्हा आक्कानेच त्याचा सदरा मागून धरला. "बसा," ती म्हणाली. "तो त्यांचा प्रश्न नाही."

अपील फेटाळलं. वकीलबाई सगळ्यात वरच्या कोर्टात गेल्या.

त्याच सुमारास धाकटीची मुलगी बोलायला लागली. एक दिवस आईने विचारलं, दूध कोणी सांडलं? मुलगी मांजराकडे बघत शांतपणे म्हणाली, "तो आमचा प्रश्न नाही." हे तिचं पहिलं पूर्ण वाक्य.

या सगळ्या वर्षांत घड्याळजीचं दुकान मात्र बसत चाललं होतं. कोणी तोंडावर चोर म्हणत नव्हतं. पण पूर्वी लोक घड्याळ टाकून जायचे आणि आठवड्याने यायचे. आता समोर बसून राहायचे आणि त्याच्या बोटांवर नजर ठेवायचे. एका म्हातारीने तर गजराचं घड्याळ स्वतःच्या मांडीवर धरून ठेवलं आणि तसंच दुरुस्त करायला लावलं. आक्का फळीपलीकडून हे बघायची आणि इस्त्री जरा जास्तच दाबायची.

सगळ्यात वरच्या कोर्टाचा निकाल लागला तेव्हा मुलगी शाळेत जायला लागली होती. तिथले पाच न्यायाधीश एवढ्या उंचावर बसले होते की आक्काला त्यांच्या फक्त हनुवट्या दिसत होत्या. त्यांनी घड्याळजीला सोडून दिलं. कारण पलीकडच्या देशाच्या कागदांत काट्याची किंमत कुठेच लिहिलेली नव्हती. किंमत नाही म्हणजे शिक्षा किती ते ठरत नाही. आणि जिथे वर्षभराचीसुद्धा शिक्षा नाही, अशा गुन्ह्यासाठी माणूस देता येत नाही.

वकीलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटी दोन्ही मुलींना घेऊन रडली. आक्काने घरी आल्या आल्या सगळ्यांना गोड शिरा केला. घड्याळजीने तो नुसता चिवडला.

"आता काय झालं?" आक्काने विचारलं.

"मी चोरी केली नाही, असं कोणी म्हटलं का?"

"सुटलात ना."

"किमतीवर सुटलो. उद्यासुद्धा लोक समोर बसून माझ्या बोटांकडेच बघणार." त्याने ताटली सरकवली. "आक्का, चार दारं झाली. एकानेही विचारलं नाही. विचारणारं कोर्ट एकच आहे, आणि ते पलीकडे आहे. मी जातो."

धाकटीने रडणं थांबवून त्याच्याकडे बघितलं आणि नव्याने रडायला लागली. आक्काने तिला समजावलं, त्याला शिव्या घातल्या, मग पुन्हा तिला समजावलं. रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर ती गजराचं घड्याळ मांडीवर धरलेली म्हातारी येत होती. सकाळी तिने लॉन्ड्रीवर 'बंद' अशी पाटी लावली. "यांना एकट्याला सोडलं तर हे सरहद्दीवरचं घड्याळ नीट करत बसतील," ती धाकटीला म्हणाली. "मी जाते बरोबर."

काटा कोर्टाने परत दिला होता. तो एसटीच्या टपावर मावत होता, पण घड्याळजी ऐकेना, म्हणून तो दोन बाकांच्या मधून आडवा गेला आणि प्रत्येक थांब्यावर उतरणारा प्रवासी त्याला अडखळून घड्याळजीच्या घराण्याचा उद्धार करून उतरला.

पलीकडच्या शहरातले न्यायाधीश चक्रावले. "आम्ही बोलावत होतो तेव्हा तुम्ही येत नव्हता. नाही म्हणून निकाल लागला, आणि आलात?"

"सांगायला आलोय, साहेब. त्याचं असं झालं..."

"परवा," न्यायाधीश म्हणाले. तोपर्यंत त्याला कोठडीत ठेवलं. कोठडी खरोखरच स्वच्छ आणि कोरडी होती, आणि खिडकी चौकाकडे होती. घड्याळजी भिंतीकडे तोंड करून बसला.

आक्काने चौकात चौकशी केली. नगराध्यक्ष आता म्हातारा झाला होता, पाय सुजले होते, घरीच असायचा. साक्षीदार काय तो तोच. आक्का सरळ त्याच्या घरी गेली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"मी घड्याळजीची मेहुणी. परवा कोर्टात तो सगळं सांगणार आहे. म्हटलं, तुम्हाला आधी ऐकवावं."

"मला काही ऐकायचं नाही, बाई."

"आम्ही इतकी वर्षं ऐकलंय. तुम्ही एक दिवस ऐका." आणि तिने सुरू केलं. सदरा, एसटी, पिशवीतला पान्हा, चौकातला चहा, सगळं. नगराध्यक्ष जांभया देऊ लागला. त्याची बायको चहाचे कप घेऊन आली आणि दारातच ऐकत उभी राहिली. गोष्ट शिडीपर्यंत पोचली, आणि तिसऱ्या पायरीवर आक्काच्या लक्षात आलं की पुढचं आपल्याला ठाऊकच नाही. इतक्या वर्षांत ती नेमकी इथेच कोळसा बघायला उठायची.

पण थांबून कसं चालेल? तिने ठोकून दिलं. "मग तो वर गेला. बघतो तर वाऱ्याने काटा वाकलेला."

"वाऱ्याने?" नगराध्यक्ष म्हणाला. "एवढा लोखंडी काटा वाऱ्याने वाकतो?"

"मग गंजून वाकला असेल. सकाळची वेळ होती, धुकं होतं..."

"कसलं धुकं. दुपार होती. लख्ख ऊन."

"असेल. मग काटा वाकलेला तुम्ही खालून बघितलात..."

"खालून नाही, बाई. मी समोरच्या गच्चीत होतो. तुम्हाला काहीच धड माहीत नाही." म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "गच्चीत होतो म्हणून तर नेम धरता आला. कबुतर मोठ्या काट्यावर बसलं होतं. एकदा गोळी मारली, ते हललं नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा काट्याचं टोक वाकलं. कबुतर तिथेच. आणि याला मी त्याच दिवशी नाही, चार दिवसांनी बोलावलं..."

तो एकदम थांबला. दारात कप वाजले.

"म्हणजे बंदूक विकली नव्हती," त्याची बायको म्हणाली. "गच्चीत कबुतरं मारणार नाही म्हणून माझ्यासमोर शपथ घेतली होतीत. आणि त्या बिचाऱ्याला चोर केलंत."

आक्काने चहा उचलला. तो गार झाला होता, पण तिने तो शेवटच्या घोटापर्यंत चवीने प्यायला.

तिसऱ्या दिवशी कोर्ट भरलं. घड्याळजीने खास त्या दिवसाचाच सदरा घातला होता. तो पोटावर ताणला होता. न्यायाधीश म्हणाले, "हं. आता सांगा. सगळं सांगा, आम्ही ऐकतोय."

घड्याळजीने घसा खाकरला. इतक्या वर्षांनी असं वाक्य ऐकून त्याचे डोळे भरून आले होते. "साहेब, त्याचं असं झालं. मी घरातून निघालो तेव्हा..."

"साहेब, मला आधी बोलायचंय," मागून आवाज आला. बायकोने दंड धरून उभा केलेला नगराध्यक्ष काठी टेकत पुढे आला. त्याने तीन वाक्यांत सगळं सांगितलं. काटा मी वाकवला. न्यायलाही मीच सांगितलं. चोरी झाली नाही.

न्यायाधीशांनी निर्दोष म्हणून लिहिलं आणि पेन मिटलं.

"साहेब, माझं राहिलंय," घड्याळजी म्हणाला.

"आता तो प्रश्नच उरला नाही," न्यायाधीश म्हणाले.

घड्याळजीने काटा स्वतः चढवला. दोरी पलीकडून बांधली. शहरातले लोक खाली जमले होते, पण ते फारसे खूश दिसत नव्हते. इतकी वर्षं एका काट्यावर त्यांचं बरं चाललं होतं. तीनच्या सुमाराला या म्हटलं की माणूस केव्हाही यायचा आणि कोणी रागवायचं नाही. एक न्हावी वर बघत म्हणाला, "झालं. आता उशीर म्हणजे उशीर."

निकालाचा कागद आक्काने आपल्या पिशवीत, धुतलेल्या सदऱ्याच्या घडीत ठेवला. तो पुढे लॉन्ड्रीच्या भिंतीवर, काट्याच्या रिकाम्या खिळ्याला लागला, आणि लोक पुन्हा घड्याळं टाकून जायला लागले. ती गजरवाली म्हातारीसुद्धा.

परतताना एसटीत जागा ऐसपैस होती. घड्याळजी खिडकीबाहेर बघत बसला होता. आक्काला राहवेना.

"सांगा मग," ती म्हणाली.

"काय?"

"काय म्हणजे? इथं कोळसा नाही, पोरगी नाही. सदऱ्यापासून सांगा. ऐकते मी."

घड्याळजी तिच्याकडे वळून नीट बसला आणि त्याने सुरुवात केली. आक्काने खरंच मन लावून ऐकलं. सदरा झाला, पान्हा झाला, चौकातला चहा झाला. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तिची मान त्याच्या खांद्यावर कलंडली. घड्याळजीने तिला उठवलं नाही. बाकीचं त्याने तसंच, हळू आवाजात, शेवटपर्यंत सांगून टाकलं.

नगराध्यक्ष त्याच वर्षी थंडीत वारला. आक्का गेली ती मोठ्या भाचीच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात, दुपारी, झोपेत. घड्याळजी तिच्यामागे दोन वर्षांनी गेला, धाकट्या मुलीला पहिली नोकरी लागली त्या महिन्यात.